हगवण लागलेल्या वासराला आधी पाणी, मग औषध

जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात वासरे दगावण्याच्या प्रमुख कारणांपैकी हगवण हे एक आहे. बहुतेक वासरांचा मृत्यू शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने ओढवतो. त्यामुळे औषधाच्या शोधात वाया गेलेले तास जीवघेणे ठरतात.

लक्षणे व निदान
वासराच्या वयावरून कारणाचा अंदाज बांधता येतो. पहिल्या चार-पाच दिवसांत पाण्यासारखी हगवण लागल्यास ई. कोलाय जिवाणूची शक्यता असते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांपर्यंत रोटा व कोरोना विषाणू तसेच क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी आढळतो. तीन आठवड्यांनंतर शेणात रक्त दिसल्यास कॉक्सिडियाची शंका घ्यावी. रेडकांमध्ये गोलकृमीही कारणीभूत ठरतात. नेमके कारण शेणाच्या तपासणीतूनच कळते.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती पूर्ववत होण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला आणि डोळे खोल गेलेले दिसले, तर वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी कमी झाले असे समजावे. ३० किलोच्या वासरात हे प्रमाण जवळपास अडीच लिटर होते.

उपचार
हगवण सुरू असतानाही ग्लुकोजसोबत सोडियम व पाणी आतड्यात शोषले जाते. म्हणून वासरांसाठीचे क्षारमिश्रण कोमट पाण्यात विरघळवून दिवसाला दोन ते चार लिटर, थोडे थोडे विभागून पाजावे. ते न मिळाल्यास तातडीची सोय म्हणून माणसांसाठीची ओआरएसची पुडी वापरता येते. दूध बंद करू नये. मात्र ते क्षारपाण्यात न मिसळता वेगळ्या वेळी द्यावे.

वासरू चोखत नसेल, उभे राहत नसेल किंवा पाय गार पडले असतील, तर जबरदस्तीने पाजू नये. पाणी फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी पशुवैद्यकाकडून शिरेतून सलाइन देणे आवश्यक ठरते. प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

प्रतिबंध
वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची प्रथा घातक आहे. चिकातील प्रतिपिंडे शोषण्याची आतड्याची क्षमता तासागणिक घटते आणि २४ तासांत जवळपास संपते. वजनाच्या दहा टक्के चीक पहिल्या दिवशी, त्यातील निम्मा पहिल्या दोन तासांत पाजावा. खरवसाचा विचार त्यानंतर करावा. आजारी वासरू वेगळे बांधावे, जागा कोरडी ठेवावी. यातील काही जंतू माणसालाही बाधतात. त्यामुळे हात साबणाने धुवावेत.