ग्लोव्ह बॉक्सचे सैल दार आणि रात्रभर जळणारा दिवा

गिऱ्हाईक गॅरेजवर येते ते बॅटरीची तक्रार घेऊन. गाडी दोन-तीन दिवस उभी होती, आज सेल्फ मारला तर इंजिन हलतच नाही, असे त्याचे म्हणणे. बॅटरी दोन वर्षांची जुनी, म्हणून कारागीर ती बदलून देतो. पंधरा दिवसांनी तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे, आणि या वेळी आवाज चढलेला. अशा तक्रारींपैकी काहींचे मूळ बॉनेटखाली नसते. ते डाव्या सीटसमोरच्या कप्प्यात, म्हणजे ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. आमच्या वाचकांत गॅरेजवाले, वायरिंगवाले आणि स्पेअर पार्टचे दुकानदार पुष्कळ आहेत. म्हणून या किरकोळ समजल्या जाणाऱ्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

या कप्प्यातील दिव्याचा स्विच साधा असतो. दार लागले की त्याचे बटण दाबले जाते आणि दिवा विझतो. दार उघडले की बटण बाहेर येते आणि दिवा लागतो. दार सैल होऊन दोन-तीन मिलिमीटर पुढे राहिले तर बटण पूर्ण दाबले जात नाही. दार लागलेले दिसते, पण दिवा आत जळतच राहतो. बल्ब साधारण ५ वॉटचा. १२ व्होल्टवर तो सुमारे ०.४ अँपिअर खेचतो, म्हणजे २४ तासांत जवळपास १० अँपिअर-अवर. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची धरली तर दोन दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी. बऱ्याच नव्या गाड्यांत आतले दिवे काही वेळाने आपोआप बंद होण्याची सोय आहे, पण जुन्या गाड्यांत ती नसते, आणि आपल्या गॅरेजवर येतात त्या बहुधा जुन्याच.

म्हणून आधी दार, मग दिवा, हा क्रम सोडू नये. दार सैल होण्याची कारणे मोजकीच आहेत. बिजागरीची पिन झिजते, खटक्याची स्प्रिंग मरते, कडेची रबरे पडून जातात. अलीकडे आणखी एका कारणाची भर पडली आहे. अनेक गाड्यांत एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो बदलताना कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबून कप्पा खाली सोडावा लागतो. घाईत ओढला की बाजूचे अडसर तुटतात किंवा परत नीट बसत नाहीत. दार सैल झाल्याची तक्रार आली तर फिल्टर नुकताच बदलला होता का, हे आधी विचारावे.

दार वर-खाली हलवून पाहावे. बिजागरीकडे हलत असेल तर पिन किंवा कान गेला. फक्त वरच्या बाजूला हलत असेल तर खटका. खटका ज्यात अडकतो ती पट्टी बहुतेक दोन स्क्रूंवर असते आणि तिची भोके लांबट असतात. स्क्रू ढिले करून पट्टी किंचित आत सरकवली की पुष्कळदा काम तेवढ्यात संपते. प्लॅस्टिकचा कान तुटला असेल तर भागाच्या मागची खूण वाचावी. एबीएस लिहिले असेल तर चांगल्या चिकटद्रव्याने तो धरतो. पीपी लिहिले असेल तर नुसते चिकटवणे वाया; तेथे पातळ पत्र्याची पट्टी ठेवून बारीक स्क्रूने आवळावी, किंवा गरम तारेचे टाके घालावेत.

खडखड थांबवण्यासाठी कडेला फोमची जाड पट्टी चिकटवण्याची पद्धत सर्रास आहे. आमच्या मते हाच खरा घोटाळा. आवाज थांबतो, गिऱ्हाईक खूश होते, पण त्या फोममुळे दार थोडे पुढे येते, बटण दाबले जात नाही, आणि तिसऱ्या दिवशी बॅटरी बसते. रबर मूळ जाडीचेच घालावे.

आता दिवा. काही गाड्यांत हा दिवा पार्किंग लाइट लावल्यावरच लागतो, हे आधी तपासावे. नाहीतर चांगले वायरिंग उगाच उकलले जाते. बल्ब ठीक असेल तर स्विचच्या दोन्ही टोकांना वायरच्या तुकड्याने जोडावे. दिवा लागला तर स्विच खराब. नाही लागला तर होल्डरचा गंज, वायर आणि फ्यूज पाहावा. फ्यूज गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा, मोठा कदापि नाही. एलईडी बसवला आणि लागला नाही तर तो काढून उलटा फिरवून लावावा, कारण त्यातील बऱ्याच बल्बांना अधिक-उणे कळते.

नव्या गाड्यांबाबत एक सक्त सूचना. २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ती याच कप्प्याच्या वर बसवलेली असते. पॅनेल उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून काही मिनिटे थांबावे. पिवळ्या सॉकेटला किंवा पिवळ्या नळीतील वायरला टेस्ट लॅम्प लावू नये.

सुटे भाग मिळवायला फारसा त्रास नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, भंगारातल्या गाडीचा पूर्ण कप्पा बिजागरीसह मिळाला तर नव्या दारापेक्षा तो स्वस्त पडतो. घेताना खटका दहा वेळा उघडून-लावून पाहावा. दुकानदारांनी ५ वॉटचे बल्ब, रबरे आणि स्विच एकत्र ठेवले तर गॅरेजवाल्याची एक खेप वाचते.

काम झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो कप्प्यात ठेवावा आणि दार लावावे. अर्ध्या मिनिटाने काढून गिऱ्हाइकासमोरच पाहावे: दार लागताच चित्र काळे झाले तर दिवा विझला. बिलावर बॅटरीऐवजी खटका आणि रबर लिहिले, तर रक्कम लहान का, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.