लॉग लिहिणाऱ्यावरच घाला

म्हैसूरच्या हेब्बाळ भागात इन्फोसिसचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. नोकरी लागली की सांगली-नांदेडकडची कितीतरी पोरं पहिले काही महिने इथेच काढतात. त्यांच्याशी गप्पा निघाल्या की एक गोष्ट हमखास जाणवते. मेमरीतल्या गडबडीने होणारे हल्ले म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ब्राउझर येतो, फार तर मोबाइल. सर्व्हरवर गुपचूप लॉग लिहीत बसणारा प्रोग्रॅम कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक कारकुनासारखा तो. आलेला कागद कुणाचाही असो, त्याला नोंद करावीच लागते. त्यात लिनक्सवर या कारकुनाकडे बहुधा रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार असतात. त्याच्यावर हल्ले झाले ते याच दोन कारणांनी. गेल्या तीन दशकांचा हिशेब मांडला तर तीच चूक पुन्हा पुन्हा भेटते: समोरून आलेल्या मजकुराच्या लांबीवर ठेवलेला भरवसा.

सिसलॉग हा असाच एक कारकून. तो जन्मला १९८०च्या दशकात, एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमच्या सोबतीने. ऑक्टोबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संगणक-सुरक्षा संस्थेने इशारा दिला की सिसलॉगचं फंक्शन संदेश ठरावीक आकाराच्या बफरमध्ये भरतं, पण तो मावतो की नाही हे बघतच नाही. लांबलचक संदेश पाठवला की सेंडमेलमार्फत दुरूनही यंत्रात शिरता येत होतं. १९९७च्या डिसेंबरात सोलर डिझायनर या टोपणनावाच्या संशोधकाने लिनक्सच्या तेव्हाच्या सी लायब्ररीत अशीच फट दाखवली. ती बुजवली गेली आणि विसरलीही गेली.

पुढचं मोठं प्रकरण जानेवारी २०१९चं. तोवर बहुतेक लिनक्समध्ये लॉगचं काम सिस्टिमडीच्या जर्नलडीकडे आलं होतं. क्वालिस या सुरक्षा कंपनीचे संशोधक २०१८ मध्ये कर्नलमधल्या वेगळ्याच एका फटीवर काम करत होते. (या कंपनीचं पुण्यातही मोठं कार्यालय आहे.) सिसलॉगला हाक मारणाऱ्या एका प्रोग्रॅमला त्यांनी कित्येक मेगाबाइट लांबीची कमांड लाइन दिली, तर कोसळला भलताच: जर्नलडी. संदेश कुठल्या प्रोग्रॅमकडून आला याची नोंद ठेवताना तो त्या प्रोग्रॅमची अख्खी कमांड लाइन स्टॅकवर घेत होता, आणि स्टॅकवर हवी तेवढी जागा देणारं अलोका हे फंक्शन जागा शिल्लक आहे का, हे विचारतच नाही. एवढ्या मोठ्या मजकुराने स्टॅक आपली हद्द ओलांडून शेजारच्या मेमरीत घुसायचा.

शोध घेता घेता तीन फटी हाती लागल्या. मला त्यातली तिसरी सर्वांत बोलकी वाटते. संदेशाच्या सुरुवातीला प्रोग्रॅमचं नाव, मग कोलन, मग मोकळी जागा, अशी सिसलॉगची रीत. कोलननंतर मोकळी जागा आहे का, हे जर्नलडी सीमधल्या स्ट्रचार या फंक्शनला विचारायचा. गोम अशी, की ओळीचा शेवट दाखवणारं शून्य दिलं तरी हे फंक्शन ‘सापडलं’ असंच सांगतं. त्यामुळे संदेश कोलनवरच संपला की जर्नलडी एक घर पुढे सरकायचा आणि पलीकडची मेमरी लॉगमध्ये उतरवायचा. तिच्यातून पत्ते कळायचे, आणि ते वापरून दुसऱ्या फटीतून रूट मिळायचं: ३२ बिटी यंत्रावर सरासरी १० मिनिटांत, ६४ बिटीवर ७० मिनिटांत. ही तिसरी फट ऑगस्ट २०१८ मध्ये कोड सुधारताना अनायासे बुजली होती. ती सुरक्षेची बाब आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

फेडोरा २८ आणि २९ व सुसे १५ मात्र यातून सुटले. स्टॅकची उडी पकडणारा जीसीसी या कंपायलरचा पर्याय वापरून ते आधीच कंपाइल केलेले होते. जाणत्या प्रोग्रॅमरच्या नजरेतून जे निसटलं ते कंपायलरच्या एका पर्यायाने अडवलं. म्हणूनच ‘सी नीट येणाऱ्याला रस्टसारख्या मेमरी-सुरक्षित भाषेची गरज नाही’ हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो.

मग ३० जानेवारी २०२४. शोध पुन्हा क्वालिसचाच, जागा लिनक्सच्या आताच्या सी लायब्ररीतलं, म्हणजे ग्लिबसीतलं, सिसलॉग. संदेशाचं शीर्षक १०२४ बाइटच्या पलीकडे गेलं की आकाराचा आकडा शून्यच राहायचा. मग जागा मागितली जायची एका बाइटची आणि भरलं जायचं अख्खं शीर्षक. शीर्षकात प्रोग्रॅमचं नाव येतं आणि ते वापरणाऱ्याला हवं तेवढं लांब ठेवता येतं. संशोधकांनी ‘सू’ ही नेहमीची कमांड सव्वा लाखाहून अधिक अक्षरी नावाने चालवून पाडली, आणि त्याच वाटेने फेडोरा ३८ वर रूटही मिळवून दाखवलं. १९९७च्या फटीशी तिचं साम्य त्यांनी स्वतःच नोंदवलं. ही चूक शिरली ऑगस्ट २०२२ मध्ये, त्याच फंक्शनमध्ये लांब संदेशांची अडचण दूर करताना. ती दुरुस्ती एका किरकोळ फटीवरचा उतारा म्हणून २.३६ या आवृत्तीतही नेली गेली, आणि तिच्यासोबत ही मोठी फटही गेली.

त्यामुळे हिशेब उलटा झाला. नव्याकोऱ्या डेबियन १२ वर आणि फेडोरावर घाईने पॅच टाकावे लागले. जुनी ग्लिबसी असलेल्या उबुंटू २२.०४ ला आणि रेड हॅटच्या जुन्या सर्व्हरना या फटीची झळच लागली नाही. त्यांतल्याच रेड हॅट ७ ला २०१९ मध्ये जर्नलडीचा पॅच घ्यावा लागला होता.