जोडीतला 'ए'

1999 साली इंदूरमध्ये स्वतःचा दवाखाना थाटला, तेव्हा पाटी रंगविणाऱ्या पेंटरने माझ्याकडून मजकूर घेतला, अक्षरे मोजली आणि मान हलविली. त्याचा दर अक्षरागणिक होता. 'पीडियाट्रिशियन' या शब्दातील 'पी'नंतरच्या अक्षरावर बोट ठेवून तो म्हणाला, "मॅडम, ये 'ए' तो बोलने में आता ही नहीं. निकाल दूँ?" शिक्षणात ब्रिटिश वळणाचे संस्कार झालेली मी ठामपणे म्हणाले, "रहने दो." त्या एका अक्षराचे पैसे मी आनंदाने मोजले. पुढे याच अक्षराने मला चांगलाच धडा दिला; पण ते नंतर सांगते.

आपल्या वैद्यकातील कितीतरी इंग्रजी शब्दांत 'ए' आणि 'ई' ही जोडी शेजारी-शेजारी बसलेली दिसते. ॲनिमिया, हिमोग्लोबिन, ल्युकेमिया, ॲनेस्थेशिया, गायनेकॉलॉजी आणि अर्थातच आमचे पीडियाट्रिक्स. ही जोडी मूळची ग्रीक. तिकडचा 'आइ' हा जोडस्वर लॅटिनमध्ये आला तो 'ए-ई' होऊन, आणि प्राचीन लॅटिनमध्ये त्याचा उच्चार आपल्या 'ऐ'च्या जवळचा होता. इंग्रजांच्या तोंडी त्याचा 'ई' झाला. म्हणून रोमचा 'काइसर' इंग्रजीत 'सीझर' झाला. जर्मनांनी मात्र 'कायझर' राखला, आणि अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला 'कैसर' तर इंग्रजीहून मुळाशी अधिक इमानी! 1877 साली व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' म्हणून घोषित केले, तेव्हा इंग्रजांच्या हे लक्षात आले असेल काय, कोण जाणे.

सीझरवरून आठवले. 'सुनेचे सीझर झाले' असे सांगणाऱ्या कित्येक आजींना हे सीझर म्हणजे कात्री वाटते. त्यांचे फारसे चुकत नाही. ज्यूलियस सीझर पोट फाडून जन्मला, ही कथा विश्वासार्ह नाही. त्या काळी ही शस्त्रक्रिया मृत वा मरणासन्न मातेवरच होत असे आणि त्याची आई ऑरेलिया तर मुलगा कर्ता होईपर्यंत हयात होती. शब्दाचे मूळ 'कापणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत असावे, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

अमेरिकनांनी 'कलर'मधला 'यू' काढला, त्याच काटकसरीने या जोडीतील 'ए'लाही रजा दिली. त्याने आमच्या शाखेची एक गंमत झाली. ग्रीक 'पाइस' म्हणजे मूल आणि 'इआट्रोस' म्हणजे वैद्य. 'ए' गाळला की उरते 'पेड', आणि लॅटिनमध्ये ते पावलाचे नाव. पेडल, पेडेस्ट्रियन त्यातलेच. गाळलेल्या अक्षराने बालवैद्याला पायाचा वैद्य केले! उलट, हाडांच्या डॉक्टरांच्या 'ऑर्थोपीडिक्स'मध्ये पाऊल नसून मूल आहे. फ्रान्सच्या निकोलस आंद्री यांनी 1741 साली 'सरळ' आणि 'मूल' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो शब्द घडविला. मुलांची व्यंगे सरळ करणे हा त्यांचा विषय होता. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांची अकादमी आपल्या नावात तो 'ए' आजही जपून आहे, आणि बालवैद्यांच्या अकादमीने मात्र तो सोडला. आमच्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना हे मी दरवर्षी ऐकवते.

काही ठिकाणी अमेरिकनांचेही चालत नाही. जीवशास्त्रीय नावे सर्व जगाला एकच. त्यामुळे 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी'मध्ये आरंभी एक आणि शेवटी एक अशा दोन्ही जोड्या तिकडेही शाबूत आहेत. डेंग्यूचा डास 'एडिस इजिप्ती' याच्याही दोन्ही शब्दांत ही अक्षरे आहेत. पण पहिल्या शब्दात ती खरी जोडी नव्हेच. तिथला 'ए' नकारार्थी आहे आणि पुढचा भाग 'गोड' या अर्थाचा. 1818 साली योहान माइगेन यांनी डासाला दिलेल्या या नावाचा अर्थ इतकाच, की हा गोड नव्हे!

आणि ब्रिटिश नेहमी बरोबर असतात असेही नाही. गर्भासाठीच्या 'फीटस' या शब्दात त्यांनी घातलेला 'ओ' मूळ लॅटिनमध्ये नाहीच. ते भूषण मागाहून चुकीने चढले.

आपण भारतीय या दोन्ही घरचे पाहुणे. इंडियन ॲकॅडमीच्या नावात 1963 पासून 'पेडियाट्रिक्स' अमेरिकन पद्धतीचे, घई सरांचे पुस्तक तसेच, नेल्सन तर अमेरिकनच. पण केसपेपरवर ॲनिमिया मात्र ब्रिटिश. परीक्षेत कोणी गुण कापले नाहीत, म्हणून आम्हीही कधी विचार केला नाही.

आता तो धडा. 2009 साली एका धर्मादाय रुग्णालयात मी आठवड्यातून दोन दिवस जात असे. थॅलसीमियाची बरीच मुले तेथे रक्त घ्यायला येत. वारंवार रक्त दिले की शरीरात लोह साठते, आणि हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथी यांची हानी होते. लोह काढण्याच्या गोळ्या महाग. एका दात्याने सहा महिन्यांचा साठा दिला. कार्यालयाने संगणकातून यादी काढली, एकोणीस नावे. मी वर-खाली न पाहता सही केली.

तिसऱ्या महिन्यात देवासकडून येणाऱ्या एका मुलीच्या आईने दबकत विचारले, "मैडम, बाकी बच्चों को गोली मिली, हमारी को क्यों नहीं?" ती मुलगी दर तीन आठवड्यांनी येणारी. तिचे नाव यादीत नव्हते. जुना केसपेपर काढला, तर निदान माझ्याच हस्ताक्षरात, 'ए'सकट. नोंद करणाऱ्याने ते तसेच उतरविले होते. पुढच्या तरुण डॉक्टरांनी 'ए'शिवाय लिहिले, आणि यादी निघाली ती त्यांच्या स्पेलिंगने. माझ्या स्पेलिंगने शोधल्यावर आणखी तेरा मुले सापडली.

उरलेला साठा बत्तीस जणांत वाटावा लागला. तो सहा महिने पुरला नाही. त्या तेरा मुलांच्या अंगात तीन महिने जे लोह साठले, त्याने नेमके काय केले हे सांगता येणार नाही. मुलीच्या आईला मी चूक कशी झाली ते समजावून सांगितले. तिने विचारले, "एक अक्षर से?" मी हो म्हटले.

मागाहून कळले ते अधिकच बोचणारे. हा आजार 1925 साली डेट्रॉइटच्या बालवैद्य कूली यांनी वर्णिला आणि 'समुद्र' व 'रक्त' या दोन ग्रीक शब्दांपासून त्याचे नाव 1930च्या दशकात अमेरिकेतच घडले, म्हणजे 'ए'शिवाय. मी जपलेला 'ए' त्यात ब्रिटिशांनी नंतर घातलेला होता.

त्यानंतर त्या रुग्णालयात निदानाच्या शेजारी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांकही लिहू लागलो, थॅलसीमियाला डी-56. ज्या सभासदांच्या दवाखान्यात जुन्या नोंदी संगणकावर आहेत, त्यांनी एखाद्या दुपारी दोन्ही स्पेलिंगांनी यादी काढून पाहावी. ॲनिमियापासून सुरुवात केली तरी चालेल.