कोनेस्टोगा फार लांब गेलीच नव्हती

टग म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो बंदरातला बुटका, दणकट गडी. मोठ्या जहाजाला ढुसण्या देत धक्क्याला लावायचं, संध्याकाळी आपल्या जागी येऊन उभं राहायचं. त्यामुळे अमेरिकी आरमाराचा कोनेस्टोगा हा टग १९२१ साली प्रशांत महासागरात ५६ माणसांसह नाहीसा झाला, हे वाचल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो: बंदरातली बोट भर समुद्रात कशाला पाठवली?

ती बंदरातली नव्हतीच, आणि आरमारासाठीही बांधलेली नव्हती. मेरिलँडमधल्या स्पॅरोज पॉइंटच्या गोदीत १९०४ साली ती तयार झाली ती फिलाडेल्फिया अँड रीडिंग या रेल्वे कंपनीसाठी. रेल्वेला टग कशाला, तर रूळ बंदरापाशी संपतात आणि कोळसा पुढे जायचा असतो. कोळशाने भरलेले बार्ज दोरखंडाने मागे बांधून अटलांटिकच्या किनाऱ्याने ओढत न्यायचे, हे असल्या टगांचं काम. कोनेस्टोगाची लांबी १७० फूट होती, म्हणजे आपल्या मनातल्या टगापेक्षा बरीच मोठी. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरल्यावर आरमाराने ती विकत घेतली. मग बर्म्युडा आणि अझोर्सपर्यंत जहाजांच्या ताफ्यांची सोबत, बंद पडलेली जहाजं ओढून आणणं, असली कामं तिने केली. बंदरातली नोकरी तिच्या वाट्याला आली ती युद्ध संपल्यावर, नॉरफोकला. तीही वर्षभरच टिकली, कारण पुढचा हुकूम अमेरिकन सामोआतल्या तुतुइलाचा होता.

२५ मार्च १९२१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेअर आयलंडहून ती पर्ल हार्बरकडे निघाली. पोहोचली नाही.

खरा घोळ इथून पुढचा. कोनेस्टोगा हवाईच्या वाटेवर कुठेतरी किंवा मेक्सिकोजवळ बुडाली, असं पुढची जवळपास ९५ वर्षं मानलं गेलं. पहिला तर्क साधा होता: जायचं हवाईला, तर शोध त्या वाटेवर. दुसऱ्याला पुरावा मिळाला. १७ मे रोजी सेनेटर नावाच्या जहाजाला मेक्सिकोतल्या मांझानिल्यो बंदराच्या पश्चिमेला सुमारे ६५० मैलांवर एक जीवनहोडी सापडली. नाळेवर एकच अक्षर, इंग्रजी ‘सी’. कोनेस्टोगाचं आद्याक्षर! शोधाचं तोंड तिकडे वळलं. जहाजं, विमानं कामाला लागली. १९३७ मध्ये बेपत्ता झालेली वैमानिक अमेलिया इअरहार्ट हिच्यासाठी झालेल्या शोधापर्यंत एवढा मोठा शोध कुणाचा झाला नव्हता. ३० जूनला आरमाराने बोट आणि माणसं गेल्याचं जाहीर केलं.

ती होडी कोनेस्टोगाचीच होती असं धरलं, तरी होडी सापडली तिथेच बोट बुडाली असं कसं म्हणता येईल? कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, आणि होडी तर जवळजवळ आठ आठवड्यांनी सापडली होती. पण हातात दुसरं काहीच नसलं की माणूस एका अक्षरावर भिस्त ठेवतो. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

‘अवशेष २०१६ मध्ये सापडले’ हेही अर्धंच खरं. २००९ मध्ये समुद्रतळाच्या पाहणीत सोनारवर एक अनोळखी बुडीत जहाज दिसलं होतं. ते कोणतं, हे कुणाला माहीत नव्हतं. खाली यंत्रं आणि कॅमेरे सोडून खात्री करायला २०१५ उजाडलं, आणि मार्च २०१६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ते जाहीर झालं. ओळख पटवण्यात मोठा वाटा तोफेचा. १८९ फूट खोल पाण्यात, पांढऱ्या समुद्रफुलांच्या गर्दीत, तीन इंची नळीची नौदलाची तोफ कॅमेऱ्यात आली. साध्या टगावर अशी तोफ असत नाही. लाकडी डेक आत कोसळलेलं आहे, पण पोलादी सांगाडा बराचसा शाबूत आहे.

‘गूढरीत्या गायब’ हे शब्द तिला कायमचे चिकटलेत. नोंदी पाहिल्या तर गूढ फारसं उरत नाही. ती निघाली त्या सुमारास गोल्डन गेटपाशी वाऱ्याचा वेग ताशी २३ मैलांवरून ४० मैलांवर गेला होता, समुद्र खवळलेला होता. तिचा एक तुटक बिनतारी संदेश दुसऱ्या जहाजाने नंतर पुढे पोचवला होता: वादळाशी झुंज चालू आहे, मागचा बार्ज सुटून गेला. ज्या जागी आणि ज्या दिशेला तोंड करून ती पडली आहे, त्यावरून अभ्यासकांचा अंदाज असा की ती सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आग्नेय फॅरेलॉन बेटाच्या खाडीत आसरा घ्यायला निघाली होती. आपल्याकडे मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला तेव्हाच वरप्रदा हा टगही बुडाला होता, आणि मोठ्या बातमीमागे तो जवळपास झाकला गेला. वादळापुढे टगाचं काय होतं, हे आपल्यालाही काही नवीन नाही.

कोनेस्टोगा आता वर काढणार का, असंही काही जण विचारतात. नाही. आरमाराच्या बुडीत जहाजांना अमेरिकेत कायद्याचं संरक्षण आहे, आणि ५६ जणांची ती समाधी मानली जाते.

आग्नेय फॅरेलॉनपासून ती जागा जेमतेम तीन मैलांवर आहे. हवा स्वच्छ असेल तर ती बेटं सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून नुसत्या डोळ्यांनी दिसतात.