जुनं व्याज, नवं खत

मुदत टळली की सावकार जुनं खत फाडायचा, थकलेलं व्याज मुद्दलात धरायचा आणि नव्या खतावर अंगठा घ्यायचा. कुळाच्या हाती नवा पैसा पडत नसे; मुद्दल मात्र फुगलेलं असे. अमेरिकेतल्या सरकारी शैक्षणिक कर्जाचा आकडा डिफॉल्टनंतर का वाढतो, हे कळायला हा हिशेब पुरेसा आहे.

समजा, एका मुलीचं मुद्दल २०,००० डॉलर, व्याज ६ टक्के. व्याज रोज चढतं, साधारण ३ डॉलर २९ सेंट, वर्षाला १,२००. हप्ते थकले की २७० दिवसांनी कर्ज डिफॉल्टमध्ये जातं, पण व्याज चढतच राहतं. पाच वर्षांत ६,००० डॉलर व्याज साचलं, देणं २६,०००. तरी इथवर हे सरळव्याजच आहे.

खरी उडी बसते ती सुटकेच्या वेळी. ‘कन्सॉलिडेशन’ म्हणजे जुनी कर्जं बंद करून एकच नवं कर्ज. सलग तीन हप्ते वेळेवर भरले किंवा उत्पन्नानुसार हप्ता भरायचं कबूल केलं की ते मिळतं. पण साचलेले ६,००० आता मुद्दलात जातात. वर वसुलीखर्च, नियमांत त्याची कमाल मर्यादा मुद्दल-व्याजाच्या १८.५ टक्के आहे. तो पुरता लागला तर ४,८१० डॉलर. नवं मुद्दल ३०,८१०! दर तोच ६ टक्के, पण रोजचं व्याज आता ५ डॉलर ६ सेंट.

उत्पन्नानुसार हप्ता महिना १०० डॉलर बसला, तर वर्षात १,२०० भरले जातात आणि व्याज होतं १,८४८. उरलेलं व्याज माफ करणारी योजना नसेल, तर एकही हप्ता न चुकवता आकडा वर्षाला ६४८ने चढतो.

दुसरी वाट ‘रिहॅबिलिटेशन’ची: दहा महिन्यांत नऊ हप्ते. ती लांबची, पण पतअहवालातली डिफॉल्टची नोंद तिने पुसली जाते. काहीच केलं नाही, तर कोर्टात न जाता सरकार पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापू शकतं. या वसुलीला १९९१पासून कालमर्यादाही नाही.

भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ही कर्जं मिळत नाहीत; तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं मात्र ती घेतात. त्यांनी कन्सॉलिडेशनवर सही करण्याआधी तीन आकडे वेगळे मागावेत: हातात पडलेलं मुद्दल, साचलेलं व्याज, वसुलीखर्च. अशी मागणी नवी नाही. १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने न्यायाधीशांना हेच करायला लावलं होतं: शेवटचं खत बाजूला ठेवा, पहिल्या व्यवहारापासून वही उघडा, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडा.