पायरी चढायला साठ वर्षं

मैत्रिणींनो, ‘महिलांनी येथूनच दर्शन घ्यावे’ अशी पाटी दिसली की आपण काय करतो? मुकाट्यानं तिथूनच हात जोडतो. देवळात कायद्याचं काय काम, असं वाटतं. पण कायदा होता, आणि तोही आपल्याच राज्याचा, 1956 सालचा! हिंदूंच्या सार्वजनिक देवळात कुणालाही अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास, असं त्यात लिहिलेलं आहे. नाशिकच्या काळाराम मंदिराचा 1930 चा सत्याग्रह, पंढरपूरला 1947 साली साने गुरुजींनी केलेलं उपोषण, अशा लढ्यांनंतर आलेला हा कायदा. बायकांच्या बाबतीत मात्र तो कपाटातच राहिला.

नोव्हेंबर 2015 मध्ये शनिशिंगणापूरला एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि लगेच देवाचं ‘शुद्धीकरण’ झालं. मग 2016 मध्ये विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं, जिथे पुरुषांना जाता येतं तिथे बाईलाही गेलं पाहिजे. कायदा पाळला जाईल, अशी हमी सरकारनं दिली. त्यावर देवस्थाननं काय करावं? चौथरा पुरुषांनाही बंद! पण 8 एप्रिलला, ऐन गुढीपाडव्याला, गावातल्या पुरुषांनी ती बंदी मोडली आणि त्याच दिवशी चौथरा सगळ्यांना खुला झाला.

आमच्या वरोऱ्यात बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तर एक काकू म्हणाल्या, “काऊन वं बाई, देवाच्या दारी जायले कोर्टाचा कागद लागते का?”

मी म्हटलं, “काकू, कागद देवाला दाखवायचा नाही. दारात आडवा उभा राहतो ना, त्याला दाखवायचा आहे.”

“पन मले जायचंच नसंल तं?”

तर नका जाऊ! जायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, इतकंच तर या बायका मागत होत्या.

हे फक्त हिंदू बायकांचं नाही बरं का. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपाशी जायला बायकांना मनाई झाली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झाकिया सोमण न्यायालयात गेल्या. कारभार आमचा, तो आमच्या धर्मस्वातंत्र्यात येतो, असं ट्रस्टचं म्हणणं. उच्च न्यायालयानं 26 ऑगस्ट 2016 ला ही बंदी घटनाविरोधी ठरवली. धर्माचं स्वातंत्र्य विश्वस्तांना आहे, तसं भक्ती करणाऱ्या बाईलाही आहे. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला, पण तिथे त्यानंच प्रवेश द्यायचं कबूल केलं.

विद्याताई 2020 मध्ये गेल्या. त्यांचं काम आता आपल्याकडे आहे. उद्या कुठे अडवलं तर भांडू नका. शांतपणे एवढंच विचारा, “पुरुषांना आत सोडता ना?”