चष्म्याच्या चिठ्ठीवरील आकडे काय सांगतात?

नागपूर : मेडिकल, मेयो किंवा खासगी नेत्ररुग्णालयातील तपासणी आटोपली की हाती चिठ्ठी पडते. ती सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात दिली जाते आणि 'नंबर किती?' एवढाच प्रश्न विचारला जातो. वास्तविक प्रत्येक डोळ्यासाठी त्यावर तीन-चार स्वतंत्र नोंदी असतात. त्यातील एखादे चिन्ह उतरवून घेताना चुकले तरी चष्मा निरुपयोगी ठरतो.

'आरई' म्हणजे उजवा डोळा, 'एलई' म्हणजे डावा. 'ओडी' व 'ओएस' ही त्यांचीच लॅटिन रूपे. 'स्फेरिकल' या रकान्यातील आकडा हा आपला नेहमीचा नंबर. उणे चिन्ह असल्यास लांबचे अंधुक दिसते. अधिक चिन्ह दूरदृष्टिदोष दर्शविते. त्याचे एकक डायॉप्टर. उणे २ नंबर असलेल्या व्यक्तीला चष्म्याविना सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते, उणे ४ असल्यास पाव मीटरपर्यंतचे.

खरा गोंधळ होतो तो 'सिलिंड्रिकल' आणि 'ॲक्सिस' या रकान्यांपाशी. बुबुळाचा पारदर्शक पडदा सर्व दिशांनी सारखा गोल नसला, तर सिलिंड्रिकल नंबर लागतो. ॲक्सिस ही मात्र काचेची ताकद नव्हे, ती दिशा आहे. त्यामुळे तेथे १८० लिहिलेले पाहून घाबरण्याचे कारण नाही. काच बसविताना हा अक्ष १० अंशांनी सरकल्यास सिलिंड्रिकलचा सुमारे एकतृतीयांश परिणाम वाया जातो.

दोन ठिकाणच्या चिठ्ठ्या जुळत नाहीत म्हणून अनेकांचा तपासणीवरील विश्वास उडतो. तथापि, स्फेरिकल उणे १.००, सिलिंड्रिकल उणे ०.५०, ॲक्सिस १८० आणि स्फेरिकल उणे १.५०, सिलिंड्रिकल अधिक ०.५०, ॲक्सिस ९० ही एकच काच आहे. केवळ लिहिण्याची पद्धत निराळी.

चाळिशीनंतर 'ॲड' हा आकडा येतो. वाचनासाठी तो लांबच्या नंबरात मिळवायचा असतो. लांबचा उणे १.०० आणि ॲड अधिक १.५० असेल, तर वाचनाचा नंबर अधिक ०.५० होतो.

'६/६' हा तर नंबरच नव्हे. स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केलेल्या तक्त्यावरून दृष्टीची तीक्ष्णता अशी नोंदवितात. ६/१२ म्हणजे निरोगी डोळा १२ मीटरवरून जे अक्षर वाचतो, ते या डोळ्याला ६ मीटरवरून वाचता येते. चिठ्ठीवर ही नोंद बहुधा चष्मा लावून केलेल्या वाचनाची असते. म्हणून ६/६ असूनही नंबर असू शकतो.

दोन बाहुल्यांमधील अंतर, म्हणजे 'पीडी', अनेक चिठ्ठ्यांवर नसते. ते दुकानात मोजतात. चष्मा इंटरनेटवरून मागवायचा असल्यास मात्र ते आधीच मोजून घ्यावे लागते.